सासूबाईंची बरणी आणि यान गुरुजी

माणसाने तेहेतीस वर्षे दुसऱ्यांच्या संकटांवर पोट भरावे आणि स्वतःवर एक आले की हातपाय गाळून बसावे, हे काही बरे दिसत नाही. पण यान गुरुजींचे तसे झाले खरे. ते डॉक्टर नव्हते आणि वकीलही नव्हते. चेंगडूतल्या एका कोशाच्या कचेरीत ते म्हणींचे संपादक होते. चिनी भाषेत चार-चार अक्षरांच्या म्हणी हजारोंनी आहेत. कचेरीत त्यांची वाटणी झाली तेव्हा मैत्री, विद्या, वसंत ऋतू असल्या सुखाच्या म्हणी वशिल्याच्या लोकांनी पटकावल्या आणि गुरुजींच्या टेबलावर 'बिघाड' नावाचा गठ्ठा येऊन पडला. वाईट गोष्ट आणखी वाईट कशी होते, एवढाच त्या गठ्ठ्याचा विषय.

या विषयावर त्यांच्या पूर्वजांनी फार बारकाईने विचार करून ठेवला आहे. बर्फ पडलेल्या जागी वर दहिवर पडणे हे एक. छप्पर गळते म्हणावे आणि नेमका त्याच दिवशी रात्रभर पाऊस लागावा, हे दुसरे. लाकडाची मोळी घेऊन आग विझवायला धावणे निराळे, कारण त्यात मूर्खपणाचा वाटा आपला स्वतःचा असतो. पुढच्या दारातून वाघ हाकलावा तर मागच्या दारातून लांडगा शिरतो, यात दोष कोणाचाच नसतो, पण गुरुजींच्या मते दार दोन ठेवणाऱ्याचा थोडा असतो. अशा चारशे बारा नोंदी त्यांनी लिहिल्या होत्या आणि निवृत्तीनंतर त्या त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडत. दूध उतू गेले तरी एक म्हण, बस चुकली तरी एक. शेवटी त्यांच्या बायकोने, पेईलानने, नियमच केला की स्वयंपाकघरात म्हण ऐकू आली तर भात वाढला जाणार नाही.

ती पेईलान नवीन वर्ष झाल्याबरोबर कुनमिंगला लेकीकडे गेली, नातू सांभाळायला. जाताना तिने गुरुजींवर घरातले एकच काम सोपवले. लोणच्याच्या बरणीच्या कडेला पाणी घालायचे.

बरणी सासूबाईंची, म्हणजे पेईलानच्या आईची. चांगली गुडघ्याएवढी उंच, मातीची, आणि गळ्याभोवती खोलगट कड असलेली. त्या कडेत पाणी भरून वर झाकण उपडे ठेवले की बाहेरची हवा आत जात नाही. आत मुळा, मिरच्या, आले, आणि मुख्य म्हणजे खार. लोणचे संपते, पुन्हा घालता येते. खार तोच राहतो. हा खार सासूबाईंनी स्वतःच्या लग्नात घातला होता आणि सत्तर-पंचाहत्तर वर्षे तो जिवंत होता. त्यात तेलाचा थेंब पडता कामा नये, उष्टा चमचा जाता कामा नये, आणि काही लोकांचा तर नुसता हात लागला तरी तो नासतो. गुरुजींचा हात तसला आहे, असे पेईलानने लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात जाहीर केले होते. चाळीस वर्षांत त्यांना बरणीपाशी फिरकू दिले नव्हते. हे गुरुजींना लागलेले होते. म्हणून हे काम मिळाले तेव्हा ते 'त्यात काय मोठंसं' म्हणाले, पण मनातून सुखावले.

सोमवारी सकाळी तिचा फोन आला. फोनमध्ये तिचा चेहरा ओढलेला दिसत होता.

"यान, निंगनिंगला पुन्हा दिवस गेलेत. तिसरा महिना. पोरीच्या पोटात पाणी ठरत नाही. चार दिवस झाले, एकच धोशा लावलाय, आजीच्या बरणीतला आंबट मुळा पाहिजे. जावईबापूंचं शुक्रवारी तिकडे काम आहे, त्यांच्या गाडीतून मी येते. रविवारी अर्धा खार आणि मुळा घेऊन परत. कडेला पाणी घालतोस ना?"

"म्हणजे काय!" गुरुजी म्हणाले. "रोज."

फोन ठेवून ते स्वयंपाकघरात गेले. कड कोरडी ठणठणीत होती. तिच्यात एक चिलट मरून वाळले होते. आपण शेवटचे पाणी कधी घातले हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला आणि पाण्याच्या टाकीवाल्याशी भांडण झाले त्या दिवशी, असा शोध लागला. त्याला अकरा दिवस झाले होते. झाकण उचलले तर खारावर पांढरी साय धरलेली, दुधावर धरावी तशी. वास अजून फारसा नव्हता. त्याच वेळी गुरुजी खुर्चीत बसले असते आणि बायकोला फोन केला असता, तर ही गोष्ट इथे संपली असती. पण शिकलेला माणूस चूक कबूल करण्याआधी ती दुरुस्त करून बघतो.

चौथ्या मजल्यावर पू आजी राहतात. ऐंशीच्या पुढच्या, तीन बरण्यांच्या मालकीण. त्यांनी ऐकून घेतले आणि गुरुजींकडे फार करुणेने पाहिले.

"साय ना? दारू घाला. पांढरी, कडक. बाटलीच्या झाकणानं एक झाकण. आणि मग हात लावू नका, दोन दिवस बघायचं सुद्धा नाही. तुमचा हात तसला ना?"

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अहो, सगळ्या जिन्याला ठाऊक आहे."

पांढरी दारू घरात नव्हती. गुरुजींच्या पोटाचे निमित्त करून पेईलानने ती केव्हाच जावयाला देऊन टाकली होती. होती ती एक औषधी दारू, जुन्या सहकाऱ्याने साठीला दिलेली. तिच्यात मुळ्या होत्या, लाल बिया होत्या आणि तळाशी काहीतरी वेटोळे घातलेले होते, ज्याची चौकशी गुरुजींनी कधी केली नव्हती. दारू ती दारूच, असे म्हणून त्यांनी एक झाकण ओतले. दहा मिनिटे वाट पाहिली. साय तशीच. मग आणखी एक, मग अर्धी बाटली. संध्याकाळी खार चहासारखा तांबडा झाला होता आणि साय त्यावर जास्तच पांढरी दिसत होती.

मंगळवारी तळमजल्यावरचा वेई भेटला. वेई म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर. त्याला जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल शंका अशी नव्हती.

"गुरुजी, दारूबिरू बायकी उपाय. बरणीत मासा सोडा! जिवंत! लहानसे दोन. माझ्या आईच्या गावी मिरच्यांच्या बरणीत सोडायचेच. खार कसा टवटवीत होतो!"

"नासलेला खारही?"

"सगळा. फक्त मासे तीन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवा. पोटातला चिखल ओकू द्या."

मंगळवारपासून तीन दिवस म्हणजे शुक्रवार. गुरुजींनी कोशकाराच्या सवयीने त्या वाक्याचा अर्थ लावला आणि 'तीन दिवस' म्हणजे 'पुरेसा वेळ' असे ठरवले. मासे एक रात्र बादलीत राहिले. बुधवारी सकाळी ते बरणीत गेले. गेले म्हणजे एक गेला. दुसऱ्याने शेपटीचा असा फटका दिला की खाराचा सपकारा गुरुजींच्या चष्म्यावर बसला आणि त्यांनी डोळे मिटले, तेव्हा तोही आत पडला. झाकण ठेवले, कडेला पाणी भरले, काठोकाठ. लाकडाची मोळी घेऊन आग विझवायला जाणाऱ्या माणसावर त्यांनी पूर्वी पाऊण पान लिहिले होते. तो माणूस वाटेत काय विचार करत असेल, हे त्यांना प्रथमच कळले. तो विचार करत असतो की आता नक्की विझेल.

गुरुवारी सकाळी वास जिन्यात पोचला होता. इमारतीच्या लोकांचा फोनवर एक गट आहे. त्यात सात वाजल्यापासून संदेश सुरू झाले. 'तिसऱ्या मजल्यावर काय मेलंय?' 'उंदीर असेल.' 'एवढा मोठा?' नऊ वाजता देखभाल कचेरीतल्या लुओबाई एका प्लंबरला घेऊन दारात उभ्या राहिल्या. हातात फळी, फळीवर छापील अर्ज.

"यान गुरुजी, वास तुमच्याकडून येतोय का?"

आता इथे 'हो, माझ्या बरणीत दोन मासे मेलेत' एवढे म्हणायचे होते. पण मागे पू आजी कान देऊन उभ्या होत्या आणि वेई जिन्यातून वर येत होता. गुरुजी म्हणाले, "गटार तुंबलं असेल."

"म्हणजे तुमची गटाराची तक्रार आहे?"

"तक्रार अशी नाही..."

"तक्रार नसेल तर आम्हाला बघता येत नाही. असेल तर बघावंच लागतं. इथं सही."

गुरुजींनी सही केली. प्लंबरने तळमजल्यावरचे झाकण उघडले, आत डोकावून मान हलवली आणि अख्ख्या जिन्याचे पाणी बंद केले. दुपारी बारापर्यंत, म्हणाला. मग संध्याकाळपर्यंत म्हणाला. खाली दारावर कागद लागला: 'श्री. यान शूवन यांच्या अर्जावरून पाणीपुरवठा बंद.' अठरा बिऱ्हाडे. पहिल्या मजल्यावरची नवी सून केसांना साबण लावून बसली होती, ती तशीच टॉवेल गुंडाळून दारात आली आणि तिने गुरुजींना काही विचारले. ते चार अक्षरांत बसणारे नव्हते.

मासे काढण्यात आले. त्यांचे वर्णन करण्यात अर्थ नाही. बरणी धुवायला पाणी नव्हते.

आता एकच वाट उरली होती आणि तिच्यावर नऊ वर्षांचे गवत माजले होते. पेईलानची थोरली बहीण. आगगाडीने चाळीस मिनिटांवर, शिमेन गावात राहते. सासूबाई वारल्या तेव्हा बरणी पेईलानला मिळाली, कारण शेवटची तीन वर्षे तिनेच त्यांचे केले. ताईला एक घागर खार मिळाला, नवी बरणी सुरू करायला. "आईची बरणी तुला, आणि मला उरलेलं पाणी!" एवढे म्हणून ताई निघून गेली. तेव्हापासून दोघी बहिणी बोलत नव्हत्या. पण खार तोच होता. गुरुजी दुपारच्या गाडीने निघाले.

ताईने दार उघडले आणि त्यांना पाहून पहिला प्रश्न विचारला, "कोण गेलं?"

"कोणी नाही. पेईलाननं पाठवलंय." हे वाक्य गुरुजी गाडीत पाठ करून आले होते. "निंगनिंगला दिवस गेलेत. तिला आंबट मुळा हवाय. आमच्या बरणीचा खार जरा... थकलाय."

"तिनं पाठवलंय? माझ्याकडे?"

"हो."

इथे थांबायचे होते. सापाचे चित्र काढून झाले होते. पण काढून झालेल्या सापाला पाय जोडायची हौस माणसाला कुठून येते कोण जाणे. गुरुजी पुढे म्हणाले, "ती म्हणाली, ताईच्या हाताची सर माझ्या हाताला कधी आली नाही."

ताई गुरुजींकडे पाठ करून बराच वेळ बरणीपाशी उभी राहिली. मग तिने उकळून वाळवलेली काचेची बरणी काढली, खार भरला, मुळे घातले, तोंड कापडाने बांधले, आणि देताना तिचे डोळे लाल होते. "मिरची तिखट आहे, सांग तिला," एवढेच ती म्हणाली. स्टेशनकडे चालताना गुरुजींना स्वतःची लाज वाटत होती. पण पिशवी जड होती आणि खार वाचला होता, म्हणून लाज फार पुढे गेली नाही.

स्टेशनवर सामान तपासणाऱ्या मुलीने पिशवी बाजूला काढली.

"आजोबा, यात पातळ काय आहे?"

"लोणच्याचा खार."

"एक घोट प्या."

नियमच आहे तो. बाटलीत घातक काही नाही हे दाखवायला मालकाने घोट प्यायचा. गुरुजींनी तो शेकडो वेळा पाळला होता, चहाच्या बाबतीत. "बाळ, याला तोंड लावायचं नसतं. नासतो. हा जिवंत आहे."

मुलगी एक पाऊल मागे सरली. "जिवंत? काय जिवंत?"

"जंतू," गुरुजी म्हणाले. आणि ती आणखी घाबरली असे पाहून धीर द्यायला म्हणाले, "पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे आहेत."

मुलीने साहेबांना बोलावले. साहेबांनी रबरी हातमोजे घातले. अक्षर बिघडले म्हणून गिरवावे तितके ते काळे होत जाते, ही नोंदही गुरुजींचीच. त्यांनी सासूबाईंपासून सुरुवात केली, मग नऊ वर्षांचा अबोला, मग मासे. मागे रांग लागली होती. कोणीतरी ओरडले, "आजोबा, प्या ना एकदाचं!" शेवटी गुरुजींनी कापड सोडले, बरणी दोन्ही हातांनी उचलली आणि घोट घेतला. ताईने सांगितलेली मिरची बरोबर घशात बसली. ते खोकले. बरणीतच खोकले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. साहेबांनी एक कागदाची पट्टी खारात बुडवली, उजेडात धरली आणि शांतपणे म्हणाले, "लोणचंच आहे. जाऊ द्या."

गाडी तोवर गेली होती.

घरी पोचले तेव्हा पू आजी जिन्यात होत्या. त्यांनी उघड्या कापडाकडे, लाल नाकाकडे पाहिले. "तोंड लावलंत?"

"खोकलोही."

"मग हाही गेला. बसा आता शांत," आजी म्हणाल्या आणि वर गेल्या.

शुक्रवारी अकराला पेईलान आली. जावई तिला खाली सोडून आपल्या कामाला गेले. दुसऱ्या मजल्यावरच तिच्या पावलांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जरा हळू. घरात येऊन तिने पिशवी ठेवली आणि सरळ बरणीपाशी गेली. झाकण उचलले. तसेच हातात धरून उभी राहिली.

गुरुजींनी पहाटेपासून एक भाषण तयार केले होते. त्यात पाच म्हणी होत्या. "हे बघ पेईलान, संकट कधी एकटं..." एवढे म्हणून ते तिच्याकडे पाहून थांबले. मग म्हणाले, "मी पाणी घालायला विसरलो. अकरा दिवस. आणि फोनवर खोटं बोललो."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्यांना बरे वाटले असते. ती लाकडी स्टुलावर बसली.

"आई नऊ वर्षांपूर्वी गेली असं मी धरून चालले होते," ती म्हणाली. "आज गेली बघ. आणि निंगनिंगला मी काय सांगू? पोरगी तिकडे नुसती माझी वाट बघतेय."

गुरुजी उभेच होते. आपल्याला या बाईचे फार वाईट वाटते आहे आणि आपण यात काहीच करू शकत नाही, एवढेच त्यांना कळत होते.

दाराची घंटा वाजली. दारात ताई होती. पाठीला वेताची पाटी, पाटीत गोधडीत गुंडाळलेली तिची बरणी, अख्खी. सत्तरी ओलांडलेली बाई बसमधून तीन तास ती पाठीवर घेऊन आली होती आणि तीन मजले चढली होती. ती गुरुजींना ओलांडून आत आली आणि बहिणीसमोर उभी राहून धापा टाकू लागली.

"आगगाडीत तपासतात म्हणे, म्हणून बसनं आले," ती म्हणाली. बोलायला काही हवे म्हणून बोलावे तशी. "रात्रभर झोप नाही मला. म्हटलं, तू एवढं बोललीस आणि मी बाटलीभर पाणी काय पाठवते? तू म्हणालीस ना, माझ्या हाताची सर तुला नाही म्हणून?"

पेईलानने मान वळवून गुरुजींकडे पाहिले. चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्यांच्याकडे अनेक तऱ्हांनी पाहिले होते, पण ही तऱ्हा नवी होती. गुरुजींनी डोळे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लावले. आता ती म्हणेल, 'मी? कधी?' ताई पाटी उचलेल, तीन मजले उतरेल, आणि मग मेल्यावरही दोघी बोलणार नाहीत. आपली एक गोष्ट तरी पुरती तडीस गेली म्हणायची.

पेईलानने पुन्हा बहिणीकडे पाहिले. पाटीच्या पट्ट्यांनी ताईच्या खांद्यावर सदरा भिजून चिकटला होता.

"म्हणाले," पेईलान म्हणाली. "आणि खरंच आहे ते. उतरव ती पाटी आधी. एवढं वजन या वयात, अक्कल आहे का तुला?"

"तुला तरी होती का नऊ वर्षांपूर्वी?" ताई म्हणाली आणि रडू लागली. मग दोघीही रडल्या. गुरुजींनी पाटी खाली उतरवून घ्यायला हात पुढे केला, तेव्हा दोघी एकदम ओरडल्या, "हात लावू नकोस!"

पुढचा तासभर त्या दोघी नऊ वर्षे बोलल्या नव्हत्या हे कोणाला खरे वाटले नसते. त्यांना विषय मिळाला होता आणि तो विषय कोपऱ्यात उभा होता. मासे? जिवंत? कोणी सांगितलं, त्या वेईनं? आणि औषधी दारूतलं ते वेटोळं, तेही गेलं का आत? स्टेशनवर खोकला! गुरुजींनी प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हटले. सासूबाईंचा नासलेला खार दोघींनी खालच्या गुलाबाच्या मुळाशी ओतला नाही, कारण गुलाब वाचला नसता; तो मोरीत गेला. वास पुन्हा जिन्यात गेला, लुओबाई फळी घेऊन पुन्हा आल्या, आणि ताईने त्यांना दारातूनच परत पाठवले. धुतलेल्या जुन्या बरणीत ताईच्या बरणीतला अर्धा खार गेला. वर मुळे.

रविवारी ताईही कुनमिंगला जायला निघाली. भाचीला आपल्या हाताने वाढायचे म्हणे. चांगले दोन महिने राहणार. ताईच्या बरणीतून निंगनिंगसाठी दोन काचेच्या बरण्या भरून गाडीत गेल्या. स्वयंपाकघरात आता शेजारीशेजारी दोन बरण्या उभ्या होत्या आणि दोन कडा.

"यांना पाणी कोण घालणार?" ताईने विचारले.

गुरुजी म्हणाले, "पू आजींना सांगू. मला जमणार नाही."

"तूच घालणार," पेईलान म्हणाली. "या कामाला एवढा घाबरलेला माणूस दुसरा मिळायचा नाही."

गाडी निघून गेली. गुरुजी वर येताना वेईने त्यांना जिन्यात गाठले आणि दोन बरण्या असतील तर काय करायचे ते सांगायला सुरुवात केली. गुरुजींनी त्याला नमस्कार करून दार लावून घेतले.

मंगळवारी सकाळी फोन वाजला. फोनमध्ये पेईलानचा चेहरा दिसला; मागे कुठेतरी निंगनिंग हसत होती. दोन वाट्या भात आणि अख्खा मुळा, आणि पोटात ठरला, असे पेईलानने सांगितले. मग तिने विचारले, "पाणी?"

"घातलं."

गुरुजी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले, खाली बसले, आणि फोन आधी एका कडेवर धरला, मग दुसऱ्या कडेवर धरला. पाणी काठोकाठ होते. ती पुरे म्हणेपर्यंत त्यांनी तो तसाच धरून ठेवला.